सिझरचा टाका आणि सव्वा महिना



२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर बाळंतपणांमागे पंचवीस बाळंतपणं सिझरनं झालेली निघाली. म्हणजे आपल्या गटातल्या चार लेकी-सुना बाळंत झाल्या, तर त्यातल्या एकीच्या पोटावर टाका येतो. तरीही त्या टाक्याबद्दल आपण मोकळेपणानं बोलत नाही. बैठक संपल्यावर, चपला घालता घालता हळूच विचारलं जातं, "ताई, माझा टाका अजून खाजतो, काही मलम आहे का?" किंवा "वण फुगलाय, जाईल का हो?"

या लेखात त्या प्रश्नांची उत्तरं आहेतच. पण मलमाआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. वण कसा राहणार, मऊ आणि बारीक की फुगीर आणि ओढणारा, याचा बराचसा निकाल बाळंतपणानंतरच्या पहिल्या सव्वा महिन्यात लागतो. त्या दिवसांत टाका कोरडा राहिला, पिकला नाही, त्याच्यावर ताण आला नाही, तर पुढचं काम सोपं होतं. थोडा भाग आपल्या कातडीच्या गुणावरही असतो, त्याचंही पुढे सांगितलं आहे.

सव्वा महिना पाळायची रीत आपल्याकडे आधीपासून आहे. ती चांगली रीत आहे. फक्त त्या सव्वा महिन्यात काय पाळायचं आणि काय सोडायचं, हे सिझरच्या बाईसाठी थोडं वेगळं आहे.

वर एक टाका, आत अनेक थर

"सिझर म्हणजे आयतं बाळंतपण, कळा कुठं दिल्या?" असं बोलणारे प्रत्येक गावात असतात. त्यांना हे सांगा.

सिझरमध्ये आधी कातडी कापतात. त्याखाली चरबीचा थर. त्याखाली पोटाच्या स्नायूंवरचं जाड, चिवट आवरण. स्नायू बहुतेक वेळा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. मग पोटाच्या आतला पातळ पडदा, आणि शेवटी गर्भाशय. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय, ते चिवट आवरण आणि वरची कातडी पुन्हा शिवतात. आपल्याला दिसते ती फक्त वरची शिवण, साधारण चार ते सहा बोटांच्या लांबीची रेघ. हे पोटाचं मोठं ऑपरेशन आहे.

कातडी आठ-दहा दिवसांत मिटलेली दिसते. घरच्यांना वाटतं, झाली बरी. पण आतलं आवरण सहा आठवड्यांनीसुद्धा मूळच्या ताकदीच्या जवळपास निम्म्यापर्यंतच पोचलेलं असतं. पाण्यानं भरलेली कळशी आठ-दहा किलोची, हंडा त्याहून जड. दहाव्या दिवशी तो हंडा उचलला, की वरचा टाका दिसायला ठीक असला तरी आतल्या शिवणीवर ताण येतो. वण रुंद होतो, दुखत राहतो. आतलं आवरण सैल पडलं, तर पुढे तिथून आतडं फुगवट्यासारखं बाहेर येऊ शकतं. त्याला हर्निया म्हणतात, आणि त्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागतं.

म्हणून पहिला नियम: सव्वा महिना, म्हणजे बेचाळीस दिवस होईपर्यंत, आपल्या बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. हंडा नाही, सरपणाची मोळी नाही, धान्याचं पोतं नाही, आणि मोठं लेकरू कडेवर नाही. त्याला बसून जवळ घ्या. खुरपणी, धुणं बडवणं, उकिडवं बसून तासन् तास काम, हेही नाही.

पण याचा अर्थ बाजेवर पडून राहायचं असाही नाही. डॉक्टर सांगतील तेव्हापासून, बहुतेक दुसऱ्या दिवसापासून, उठून थोडं थोडं चालायचं. चालल्यानं पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो, पोटातला वारा सरकतो आणि जखमही चांगली भरते.

पहिले पंधरा दिवस: स्वच्छ आणि कोरडं

टाका कोरडा ठेवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी औषध आहे.

वरची पट्टी कधी काढायची आणि अंघोळ कधी करायची, हे दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्या. पट्टी निघाल्यावर अंघोळीला हरकत नाही. टाक्यावरून कोमट पाणी नुसतं वाहू द्या. साबण चोळू नका, घासू नका, वरून तांब्यानं जोरात पाणी मारू नका. अंघोळ झाल्यावर धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेल्या सुती कापडानं हळूच टिपून घ्या. ते कापड फक्त टाक्यासाठीच ठेवा.

पोट खाली लोंबत असेल, तर टाका त्या घडीत दबतो. तिथं घाम साचतो, आणि टाका पिकायला ही जागा अगदी सोयीची. दिवसातून दोन-तीनदा आडवं पडा, हातानं पोट वर घ्या, टाक्याला वारा लागू द्या. उन्हाळ्यात तर हे चुकवू नका.

परकराची नाडी नेमकी टाक्यावर येते, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दिवसभर ती घासते, ओली होते, वळ उठतो. पहिले दीड महिने गाऊन घाला, नाहीतर नाडी बेंबीच्या वर सैलसर बांधा. आतली चड्डीसुद्धा सुती आणि टाक्याच्या वर जाणारी हवी.

टाके काढायचे असतील तर साधारण आठवडाभरात बोलावतात. काही ठिकाणी विरघळणारे टाके घालतात, ते काढावे लागत नाहीत. आपले कोणते, ते विचारून ठेवा. टाके काढायची तारीख पाहुण्यांमुळे किंवा बारशामुळे पुढे ढकलू नका. टाके जास्त दिवस राहिले तर वणाच्या दोन्ही बाजूंना शिडीसारख्या खुणा पडतात.

खोकला, शिंक, हसू आलं, तर उशी किंवा घडी केलेली साडी टाक्यावर धरून हलकं दाबा. उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या आधारानं उठा. बाळाला पाजताना कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाला काखेखाली बाजूला धरा, म्हणजे त्याचे पाय टाक्यावर लागणार नाहीत.

सव्वा महिन्याच्या रीती: काय ठेवायचं, काय सोडायचं

आपल्या सासवा-आयांनी बाळंतिणीचं खूप केलेलं आहे. त्यातलं पुष्कळ आजही उपयोगाचं आहे.

ठेवायचं ते आधी. विश्रांती ठेवा. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू ठेवा. बाळंतिणीला वेगळं, ताजं, गरम जेवण देण्याची पद्धत ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी कमी ठेवण्याचीही ठेवा.

आता सोडायचं.

शेक-शेगडी आणि धुरी. बाजेखाली निखारे ठेवून शेक देतात, ओवा-शेपाची धुरी देतात. सिझरनंतर टाक्याभोवतीची कातडी बधिर असते, कारण कापताना बारीक नसाही कापल्या जातात. तिथं चटका बसला तरी बाईला कळत नाही आणि भाजतं. गरम पाण्याची पिशवीसुद्धा टाक्यावर ठेवू नका. कोंडलेल्या खोलीतला धूर बाळाच्या श्वासालाही वाईट. कंबर शेकायची असेल तर कापडातून, बेतानं, आणि टाक्यापासून लांब.

पोटाची मालीश. पाय, पाठ, हात चोळून घ्या, बरं वाटतं. पण पोट आणि टाका सव्वा महिना चोळायचा नाही. चोळणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा, त्यांचा राग नाही येत.

पोट घट्ट बांधणं. चालताना आधार म्हणून सुती कापड किंवा दवाखान्यातला पट्टा सैलसर बांधला तर दुखणं कमी होतं, ते चालेल. पण पोट आत जावं म्हणून जुन्या साडीनं आवळून बांधलं तर टाक्याला वारा लागत नाही, घाम साचतो. जेवताना आणि झोपताना सोडून ठेवा. टाका ओला असेल तर बांधूच नका.

टाक्यावर घरचं काही लावणं. हळद, राख, तूप, चुना, झाडपाल्याचा लेप, दंतमंजन, यातलं काहीही उघड्या जखमेवर नको. हळद पोटात घ्या, दुधात घ्या, भाजीत घ्या. जखमेवर लावलेली पूड जंतू घेऊन जाते आणि खाली काय चाललंय ते झाकून टाकते. डॉक्टरांनी दिलं तेवढंच लावायचं.

पाणी आणि अन्न तोडणं. "पाणी जास्त पिऊ नको, वात होईल." "वांगं, दही, आंबट खाल्लं की टाका पिकतो." टाका जंतूंमुळे पिकतो. वांग्यानं नाही आणि लिंबानंही नाही. उलट जखम भरायला लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लागतं. तहान लागेल तेवढं पाणी प्या, दूध येण्यासाठी आणि शौचाला खडा होऊ नये म्हणूनही. कुंथावं लागलं की आतल्या शिवणीवर ताण येतो.

मिश्री. हे स्पष्ट सांगायला हवं. मिश्री, तंबाखू यांनी बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेपर्यंत रक्त कमी पोचतं, आणि जखम उशिरा भरते. शिवाय ते दुधातून बाळाच्या पोटात जातं. सोडायला यासारखा चांगला मुहूर्त नाही.

जखम भरायला काय खायचं

नवीन कातडी प्रथिनांनी बनते. नुसत्या वरणाच्या पाण्यानं आणि मऊ भातानं ते होत नाही. दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ हवी. चालत असेल तर रोज अंडं, आठवड्यातून मासे किंवा मटण. नाही चालत, तर दूध, दही, शेंगदाणे, फुटाणे, हुलग्याचं माडगं. बाजरी-ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वर लिंबू पिळलेलं.

अंगात रक्त कमी असेल तर जखम रेंगाळते. बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक लोहाची गोळी आणि कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात. बाळ झालं म्हणून त्या बंद करू नका. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. साखरेचा आजार असेल तर साखर तपासत राहा, ती वाढलेली असेल तर टाका लवकर पिकतो.

हे दिसलं तर थांबू नका

हा भाग बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा.

टाका लाल, गरम, कडक होत चाललाय आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. टाक्यातून पू, घाण वासाचं पाणी किंवा रक्त येतंय. टाका कुठं उकललाय, मग तो एका बोटाएवढा का असेना. थंडी वाजून ताप आलाय, थर्मामीटरवर १००.४ किंवा जास्त. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतोय. तासाभरात एक पॅड भिजून जातोय. एका पायाची पोटरी सुजलीय, दुखतेय. छातीत दुखतंय, दम लागतोय. डोकं असह्य दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय. लघवीला जळजळ होतेय किंवा लघवी होत नाहीये.

यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रक्त जास्त जात असेल, दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर लगेच १०८ ला फोन. "उद्या बघू", "आज अमावस्या आहे", "माहेरचे आले की नेऊ", यात वेळ घालवू नका. सुरुवातीला जंतू आवरणं सोपं असतं. उशीर झाला तर टाका उघडून साफ करावा लागतो, तो पुन्हा भरायला आठवडे जातात, आणि अशी पिकून भरलेली जखमच बहुतेक वेळा रुंद, ओबडधोबड वण ठेवून जाते.

सिझरनंतर आशाताई सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या बाळासाठी येतात असं समजून आपण बाळच पुढं करतो. त्यांना आपला टाकाही दाखवा. लाजू नका.

एक पैशाची गोष्टही सांगते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे. घरी सोडायला गाडीही मोफत मिळते. टाका बिघडला म्हणून परत जायला खर्चाची भीती बाळगून घरी बसू नका.

सव्वा महिन्यानंतर: वण मऊ कसा करायचा

बेचाळीस दिवस झाले, टाका पूर्ण मिटला, कुठंही खपली किंवा ओलावा नाही. आता उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा टाका दाखवा. त्यांनी ठीक म्हटलं की वणाची मालीश सुरू करता येते.

वण सुरुवातीला लालसर, जांभळट किंवा काळपट दिसतो, हाताला कडक लागतो. पहिले काही महिने तो थोडा वर आल्यासारखाही वाटतो. घाबरू नका. वण आतून पिकत, बदलत राहतो, आणि त्याला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर रंग फिका होत जातो, कडकपणा कमी होतो. पूर्ण नाहीसा होणार नाही. कुठल्याही मलमानं होत नाही. पण मऊ, बारीक आणि न दुखणारा होऊ शकतो.

मालीश अशी करायची. हात धुवा, नखं कापलेली असू द्या. आडवं पडा. बोटांवर दोन थेंब साधं खोबरेल तेल घ्या. पहिला आठवडा वणाच्या फक्त आजूबाजूला, गोल गोल, हलक्या हातानं. सवय झाली की वणावरच दोन बोटं ठेवून कातडी वर-खाली, मग उजवीकडे-डावीकडे, मग गोल सरकवा. बोटं कातडीवरून घसरायला नकोत, कातडी बोटांबरोबर हलायला हवी. नंतर वण दोन बोटांच्या चिमटीत हळूच उचलून सोडायचा. ओढ जाणवेल इतकं दाबा, दुखेल इतकं नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, निदान तीन महिने. बाळ झोपलं की करायचं, म्हणजे विसर पडत नाही.

यानं खालच्या थरांना चिकटलेली कातडी मोकळी व्हायला मदत होते, ओढल्यासारखं वाटणं कमी होतं, खाज कमी होते. वणाला हात लावायची भीती असते, तीही जाते. वण लाल झाला, पाणी आलं, दुखणं वाढलं तर थांबा आणि दाखवा.

मलमांबद्दल खरं काय ते

बाजारात वण घालवणारी मलमं पुष्कळ आहेत. दुकानदार देतो, शेजारीण सांगते, मोबाइलवर जाहिरात येते. पैसे घालण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

फुगणाऱ्या वणासाठी डॉक्टर आधी सुचवतात ते सिलिकॉनचं जेल किंवा सिलिकॉनची पट्टी. जखम पूर्ण मिटल्यावरच सुरू करायचं. जेल दिवसातून दोनदा पातळ लावायचं. पट्टी दिवसाचे बारा तास किंवा जास्त ठेवायची, ती धुऊन पुन्हा वापरता येते. निदान दोन-तीन महिने नेमानं केलं तर उपयोग. आठ दिवस लावून सोडलं तर पैसे वाया. प्रत्येकीला याची गरज नाही. ज्यांचा वण फुगत चाललाय किंवा आधीच्या एखाद्या जखमेचा वण फुगलाय, त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून लावतात. त्यानं वण जातो असं दिसून आलेलं नाही, आणि काहींना त्यानं पुरळ उठते. चेहरा उजळ करणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमं वणावर स्वतःच्या मनानं मुळीच लावू नका. कातडी पातळ होते, चट्टे पडतात.

खाज, बधिरपणा, फुगवटा: साधं काय, दाखवायचं काय

टाका खाजतो. भरताना खाज येतेच. नखानं खाजवू नका, वरून तळहातानं हलकं थोपटा. टाका मिटलेला असेल तर खोबरेल तेल लावा.

टाक्याभोवती बधिर वाटतं. कापलेल्या नसा हळूहळू वाढतात. काही महिने लागतात. काहींना थोडा भाग कायमचा बधिर राहतो, त्यानं अपाय होत नाही.

वण जाड, लाल झालाय, पण जखमेच्या रेघेतच आहे. हा फुगीर वण. मालीश, सिलिकॉन आणि वेळ यांनी तो बराच बसतो.

वण रेघेच्या बाहेर पसरतोय, चकचकीत, कडक गाठीसारखा वाढतोय, खूप खाजतो, दुखतो. हा केलॉइड असू शकतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो जास्त होतो आणि काही घराण्यांत चालत येतो. कान टोचल्यावर तुमच्या किंवा आईच्या कानाच्या पाळीला गाठ आली असेल तर सिझरच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा. केलॉइड नुसता कापून काढला तर बहुधा पुन्हा, कधी आधीपेक्षा मोठा येतो. म्हणून त्यावर गाठीत इंजेक्शन देतात, काही आठवड्यांच्या अंतरानं अनेकदा. त्यासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातून कातडीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा.

खोकताना किंवा उठताना टाक्याजवळ फुगवटा येतो आणि झोपल्यावर आत जातो. हर्निया असू शकतो, दाखवा. फुगवटा आत जाईना, दुखू लागला, उलट्या झाल्या तर लगेच दवाखाना.

टाक्यात गाठ आहे आणि दर महिन्याला पाळीच्या दिवसांत ती दुखते, सुजते. हे सिझरनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही होतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कण टाक्यात रुजल्यानं असं होतं. याला उपाय आहे. "पाळीचं दुखणं" म्हणून वर्षानुवर्षं सोसू नका.

न दिसणारा वण

पोटावरचा वण आपण रोज पाहतो. गर्भाशयावरचा दिसत नाही, पण पुढच्या बाळंतपणाला तोच महत्त्वाचा. तो नीट भरायला वेळ द्यावा लागतो. सिझरनंतर पुन्हा दिवस जाण्याआधी निदान दोन वर्षांचं अंतर ठेवा. लवकर दिवस गेले तर कळांच्या वेळी गर्भाशयाचा टाका फाटण्याचा धोका वाढतो, आणि त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. तांबी सिझरच्या वेळीच बसवता येते. अंतरा इंजेक्शन, गोळ्या, निरोध असेही पर्याय आहेत. आशाताईंना विचारा. आणि हा निर्णय दोघांचा आहे, नवऱ्यालाही सोबत न्या.

दवाखान्यातून सुटी होताना मिळालेला कागद जपून ठेवा. वरचा टाका आडवा दिसला म्हणून आतला, गर्भाशयावरचाही आडवाच असेल असं नाही. ते त्या कागदावर लिहिलेलं असतं. पुढच्या खेपेला नैसर्गिक बाळंतपण जमेल की नाही, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. रेशनकार्डाच्या पिशवीतच तो कागद ठेवा. आणि एकदा सिझर झालेल्या बाईचं पुढचं बाळंतपण घरी नको, जिथं ऑपरेशनची सोय आहे अशाच दवाखान्यात करा.

गट काय करू शकतो

"बाळापेक्षा जड उचलू नका" असं लिहिणं सोपं आहे. ज्या घरी नळ नाही, सासू थकलेली आहे, नवरा ऊसतोडीला किंवा कंपनीत बाहेरगावी आहे, तिथं हंडा उचलणार कोण? ही गोष्ट एकट्या बाळंतिणीच्या हातात नाही. गटाच्या हातात मात्र आहे. पुढच्या बैठकीत या गोष्टी ठरावात घेता येतील:

१. गटातल्या घरी सिझर झालं तर सव्वा महिना पाण्याची पाळी लावायची. दहा जणी असतील तर एकीच्या वाट्याला चार-पाचच दिवस येतात.

२. त्या काळात तिला बैठकीच्या हजेरीतून सूट द्यायची, दंड नाही. बचत घरच्या कुणाच्या हाती पाठवली तरी चालेल.

३. दवाखान्यासाठी अंतर्गत कर्ज लागलं तर बैठकीची वाट न पाहता देता यावं, म्हणून अध्यक्ष आणि सचिवांना किती रकमेपर्यंत अधिकार, ते आधीच लिहून ठेवायचं.

४. एका सदस्यानं सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी जाऊन विचारायचं: टाका कोरडा आहे का, ताप आहे का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? सासूबाईंशीही दोन शब्द बोलायचे.

५. या लेखातला "हे दिसलं तर थांबू नका" हा भाग हातानं लिहून गटाच्या वहीत चिकटवायचा, खाली आशाताईंचा फोन नंबर लिहायचा.

ज्यांचं सिझर होऊन चार-पाच वर्षं झाली, त्यांच्यासाठीही एक सांगणं आहे. वण जुना झाला म्हणून उशीर झाला असं नाही. वण ओढत असेल तर मालीश आजही करता येते. दुखत असेल, फुगला असेल तर दाखवता आजही येतो. पुढच्या बैठकीत बचत जमा करून झाली की एकमेकींना विचारा, "तुझा टाका कसा आहे?" बाकीचं बोलणं तिथून पुढं निघेल.